विश्लेषण : रुग्णालयात हात स्वच्छ ठेवायचे, पण वेळ कुठून आणायचा?

पावसाळ्यात फ्लूचे रुग्ण वाढले, की रुग्णालयांच्या भिंतींवर ‘हात स्वच्छ ठेवा’चे फलक झळकू लागतात. पण एकाच परिचारिकेवर अख्ख्या वॉर्डाचा भार असेल आणि बेसिन पार टोकाला असेल, तर त्या फलकाचा उपयोग किती? श्वसनविषाणूंचा मोठा फटका आरोग्य कर्मचाऱ्यांनाच बसतो. २००३ मधील ‘सार्स’च्या साथीत जगभरातील ८,०९६ रुग्णांपैकी सुमारे २१ टक्के आरोग्य कर्मचारीच होते.

श्वसनाचा आजार हातातून कसा होतो?

खोकल्यातून उडालेले थेंब खाटेचा कठडा, बीपीचा पट्टा, मोबाइल यांवर पडतात. ‘आरएसव्ही’सारखे विषाणू अशा कडक पृष्ठभागांवर काही तास टिकतात. तिथून ते हातावर आणि हातातून नाक-डोळ्यांपर्यंत पोहोचतात. ऑस्ट्रेलियात २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वैद्यकीय विद्यार्थी तासाला सरासरी २३ वेळा चेहऱ्याला हात लावताना आढळले. त्यांतले जवळपास निम्मे स्पर्श डोळे, नाक किंवा तोंडाला होते.

हात नेमके कधी स्वच्छ करायचे?

जागतिक आरोग्य संघटनेने पाच क्षण सांगितले आहेत : रुग्णाला हात लावण्यापूर्वी, निर्जंतुक प्रक्रियेपूर्वी, रक्त किंवा शरीरद्रवाशी संपर्क आल्यावर, रुग्णाला हात लावल्यानंतर आणि त्याच्या आजूबाजूच्या वस्तूंना हात लावल्यानंतर. सॅनिटायझर २० ते ३० सेकंद चोळावे लागते. साबण-पाण्याला ४० ते ६० सेकंद लागतात. हात मळलेले दिसत असतील, तर साबणच हवा.

मग हे पाळले का जात नाही?

साधे गणित पाहा. समजा, एका पाळीत हात स्वच्छ करण्याची वेळ १०० वेळा आली. प्रत्येक वेळी साबणाने एक मिनिट धरले, तरी १०० मिनिटे त्यातच गेली. बेसिनपर्यंतची ये-जा वेगळीच! खाटेशेजारी सॅनिटायझर असेल, तर हेच काम ५० मिनिटांत होते. म्हणजे प्रश्न केवळ शिस्तीचा नाही, व्यवस्थेचाही आहे.

जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात डॉ. दिदिए पिते यांच्या पथकाने १९९४ ते १९९७ दरम्यान हेच दाखवून दिले. खाटेजवळ सॅनिटायझर, सातत्याने निरीक्षण आणि व्यवस्थापनाचा पाठिंबा यांमुळे नियमपालन ४८ वरून ६६ टक्क्यांवर गेले. रुग्णालयातील संसर्गाचे प्रमाण १६.९ वरून ९.९ टक्क्यांवर आले.

हातमोजे घातले की पुरे?

नाही. तेच मोजे घालून दुसऱ्या रुग्णाकडे गेल्यास विषाणूही सोबत जातो. मोज्यांना न दिसणारी छिद्रे असू शकतात आणि ते काढताना हात दूषित होतात. म्हणून मोजे काढल्यावरही हात स्वच्छ करणे आवश्यक आहे.

केवळ हात धुऊन संसर्ग टळेल?

तेही नाही. २०२३ च्या ‘कॉक्रेन’ आढाव्यात हातांच्या स्वच्छतेमुळे तीव्र श्वसनविकारांत सुमारे १४ टक्के घट दिसली. त्यातील बहुतेक चाचण्या शाळा, घरे अशा ठिकाणच्या होत्या. करोनासारखे विषाणू प्रामुख्याने हवेतून पसरतात. तिथे चांगला मास्क, खेळती हवा, फ्लूची लस आणि आजारी कर्मचाऱ्याला पगारी रजा हवीच. हातांची स्वच्छता ही या साखळीतील एक कडी आहे. मात्र ती स्वस्त आहे आणि आजपासून सुरू करता येते.

काय करायला हवे?

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या २०२२ च्या अहवालानुसार, जगातील निम्म्या आरोग्य केंद्रांत हात स्वच्छ ठेवण्याच्या मूलभूत सोयीही नाहीत. त्यामुळे रुग्णालयाची तपासणी करताना फलक मोजू नयेत. प्रत्येक खाटेजवळ भरलेली बाटली आहे का, नळाला पाणी आहे का, हे पाहावे. वॉर्डबॉय, मावशी, कंत्राटी सफाई कामगार यांनाही तेच प्रशिक्षण आणि तेच साहित्य मिळायला हवे. विषाणू कायम आणि कंत्राटी असा भेद करत नाही. परिचारिकेने हात धुतले नाहीत म्हणून तिला नोटीस देण्याआधी, तिला हात धुवायला वेळ आणि सोय दिली होती का, याचे उत्तर प्रशासनाने द्यावे.