पेटीतील कागद व कालकथित वसंत मून यांचा धडा

धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबात देव्हारा उतरविण्याचा दिवस हा मोठा दिवस असतो. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्यापुढे हात जोडले, परंतु ज्यांनी माणुसकीचा एकही हक्क मिळवून दिला नाही, त्या देवदेवतांना त्या दिवशी घरातून निरोप मिळतो. परमपूज्य बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे दिलेल्या बावीस प्रतिज्ञांचा तो प्रत्यक्ष आचार होय, व त्याबद्दल प्रत्येक नवदीक्षित कुटुंबाचे आम्ही अभिनंदनच करू. परंतु या पवित्र उत्साहात आमच्या हातून एक मोठी चूक घडत आहे. देव्हाऱ्याबरोबर घरातील जुनी पेटीही बाहेर जात आहे. आजच्या अग्रलेखाचा विषय ही पेटी आहे.

आमच्या वकिलीच्या व्यवसायात घडलेली एक हकिकत सांगतो. मोडनिंब परिसरातील एक कुटुंब काही वर्षांपूर्वी बौद्ध झाले. देव्हाऱ्यातील टाक व तसबिरी त्यांनी भीमेत सोडल्या व त्यांच्याबरोबर आजोबांची पत्र्याची पेटीही सोडली. पेटीत आजोबांचा शाळेचा दाखला होता, वतनाचे काही कागद होते व एक जुने छायाचित्र होते. दाखल्यावर जात लिहिलेली, वतनाच्या कागदावर महारकीचा उल्लेख, "ही गुलामगिरीची निशाणी घरात कशाला?" असा त्यांचा सरळ विचार होता. पुढे घरातील मुलीला उच्च शिक्षणासाठी प्रवेश मिळाला आणि जातवैधतेचा पुरावा मागण्यात आला. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा कागद हवा होता, व तो नदीच्या तळाशी गेला होता.

मुलीचे वडील आमच्यापुढे खाली मान घालून बसले होते. "साहेब, आम्ही धम्म पाळला, ही आमची चूक झाली काय?" या त्यांच्या प्रश्नाने आम्ही अस्वस्थ झालो. शेवटी जुन्या कोतवाल बुकात त्यांच्या चुलत आजोबांच्या जन्माची नोंद सापडली. ती मोडी लिपीत होती. मोडी वाचणारा माणूस शोधावा लागला, लिप्यंतर करून घ्यावे लागले, वंशावळ जुळवावी लागली, आणि मुदत संपण्यास थोडे दिवस उरले असता काम झाले. त्या मुलीचे वर्ष वाचले. परंतु ज्यांच्या पूर्वजाची नोंद कोणत्याही बुकात शिल्लक नाही, त्यांनी काय करावे?

त्या बापाच्या प्रश्नाचे उत्तर असे की, धम्म पाळणे ही चूक नव्हती. देव आणि दस्तऐवज यांतील भेद न ओळखणे ही चूक होती. हा भेद ज्यांनी स्वतःच्या आयुष्याने शिकविला, त्या कालकथित वसंत मून यांचे स्मरण करणे म्हणूनच आज आम्हास अगत्याचे वाटते.

वसंत मून यांचा जन्म १९३२ साली नागपुरात झाला. सीताबर्डीच्या महारपुऱ्यात, अत्यंत गरिबीत ते वाढले. शिकले, आणि पुढे महाराष्ट्र शासनाच्या महसूल खात्यात उपजिल्हाधिकारी पदापर्यंत पोहोचले. अशा पदावर गेलेल्या माणसाला आपली जुनी वस्ती विसरणे सोपे असते. पुष्कळांना ती विसरण्यातच भूषण वाटते. मून यांनी उलट केले. "वस्ती" या आपल्या आत्मकथनात त्यांनी महारपुऱ्यातील माणसे, त्यांच्या तालमी, त्यांची भांडणे, त्यांची उपासमार आणि समता सैनिक दलातील तरुणांची धडाडी नावानिशी नोंदवून ठेवली. त्या वस्तीतील माणसांचा उल्लेख एरव्ही कोणत्या ग्रंथात आला असता? फार तर जनगणनेच्या कोष्टकात एक आकडा म्हणून.

त्यांचे दुसरे कार्य यापेक्षाही कष्टाचे आहे. मध्यप्रांत व वऱ्हाड या भागात बाबासाहेबांचे नेतृत्व उदयास येण्यापूर्वी अस्पृश्यांमध्ये कोणती चळवळ होती, याचा शोध घेऊन त्यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. विठोबा रावजी मूनपांडे, किसन फागुजी बनसोडे, कालीचरण नंदागवळी आदी पुरुषांनी शाळा काढल्या, वृत्तपत्रे चालविली, सभा भरविल्या. यांपैकी बनसोडे यांचा पुढे धर्मांतराच्या प्रश्नावर बाबासाहेबांशी मतभेद झाला. मून हे कट्टर आंबेडकरी व बौद्ध. तथापि मतभेद झाला म्हणून त्यांनी बनसोड्यांचे नाव इतिहासातून खोडले नाही. ज्याने मुलींना शिकवावे म्हणून धडपड केली, ज्याने स्वतःच्या पदराला खार लावून पत्र चालविले, त्याचे ऋण त्यांनी मान्य केले. इतिहासकाराचा प्रामाणिकपणा तो हाच. आपल्या गावच्या आठवणी लिहून काढताना, अमुक माणूस अमुक गटाचा होता म्हणून त्याला गाळण्याचा मोह ज्यांना होईल, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

परंतु मून यांचे नाव घरोघरी पोहोचले ते बाबासाहेबांच्या ग्रंथसंपदेमुळे. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांच्या मागे राहिलेले अप्रकाशित लिखाण न्यायालयाच्या व्यवस्थेखाली पेट्यांमध्ये वर्षानुवर्षे पडून होते. १९७६ साली महाराष्ट्र शासनाने त्यांच्या साहित्याच्या प्रकाशनासाठी समिती नेमली. पुढे वारसांच्या संमतीने हे कागद प्रकाशनासाठी उपलब्ध झाले, आणि संपादनाचे काम वसंत मून यांच्याकडे आले. पहिला इंग्रजी खंड १९७९ साली निघाला. त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळ, २००२ साली मृत्यू येईपर्यंत, मून यांनी या कार्याला वाहून घेतले.

हे काम कसले होते याची वाचकांनी कल्पना करावी. सुटी पाने, एकाच प्रकरणाचे दोन-दोन खर्डे, मध्येच तुटलेले लिखाण. यांतून कोणते पान कोणत्या ग्रंथाचे हे ठरवायचे आणि आपल्या पदरचा एक शब्दही त्यात घालायचा नाही. "प्राचीन भारतातील क्रांती आणि प्रतिक्रांती" हा अपुरा ग्रंथ १९८७ साली छापून निघाला तो या पेट्यांतून. "हिंदू धर्मातील कोडी" याच वर्षी निघाला तोही यांतूनच. त्यावरून महाराष्ट्रात केवढे वादळ उठले हे जाणत्यांना स्मरत असेल. बाबासाहेबांच्या हयातीत हे ग्रंथ प्रसिद्ध झालेले नव्हते. त्या पेट्या वाळवीने खाल्ल्या असत्या, तर आपण आणि आपली मुले या विचारधनाला कायमची मुकली असती.

मून हे या मार्गावरील पहिले प्रवासी नव्हते. सातारा जिल्ह्यातील पाचवडचे चां. भ. खैरमोडे यांनी विद्यार्थिदशेपासून बाबासाहेबांची पत्रे, भाषणे व आठवणी जमविल्या, आणि नोकरी सांभाळून चरित्राचे खंडामागून खंड लिहिले. पहिला खंड १९५२ साली, बाबासाहेबांच्या हयातीतच प्रसिद्ध झाला. १९७१ साली खैरमोडे वारले तेव्हा कितीतरी लिखाण हस्तलिखितातच होते. ते पुढे प्रसिद्ध झाले व बारा खंडांचे चरित्र समाजाच्या हाती आले. याच मालिकेत ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांचे नाव घेतले पाहिजे. चळवळीतील वृद्ध स्त्रियांच्या दारी जाऊन, त्यांच्या तोंडून ऐकून, त्यांनी "आम्हीही इतिहास घडवला" हा ग्रंथ १९८९ साली सिद्ध केला. तोपर्यंत सभेला गेलेले पुरुष आपणास ठाऊक होते. भाकरीचे गाठोडे बांधून, कडेवर मूल घेऊन त्याच सभेला गेलेल्या बाईची नोंद फारशी कोणी घेतली नव्हती.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. मे १९२४ मध्ये बार्शी येथे बहिष्कृतांची प्रांतिक परिषद भरली व तेथे बाबासाहेबांचे भाषण झाले. १९३७ सालच्या अखेरीस पंढरपूर येथे सोलापूर जिल्ह्याची परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली. बार्शी काय किंवा पंढरपूर काय, दोन्ही ठिकाणी कुर्डुवाडीहून रेल्वे होती. मोडनिंब तर पंढरपूरच्या फाट्यावरचेच स्टेशन. या पंचक्रोशीतून कोण त्या गाडीत बसले, कोण पायी गेले, परत आल्यावर कोणी येसकरकी सोडली, कोणी मेलेली गुरे ओढण्याचे नाकारले, आणि त्यापायी कोणावर बहिष्कार पडला? बाबासाहेबांची भाषणे ग्रंथांत आहेत. ऐकणाऱ्यांची नावे मात्र म्हाताऱ्यांच्या तोंडी होती, व ती माणसे एकामागून एक निघून गेली. पंढरपूरच्या महाद्वारात ज्यांची समाधी आहे त्या चोखोबांचे अभंगही दुसऱ्याने लिहून घेतले, अशी परंपरा सांगते. तेव्हा आपल्या हाती लेखणी नव्हती. आज ती घरोघरी आहे. मग सबब कोणती?

येथे काही बांधव विचारतील की, आम्ही जात टाकली, मग जातीचे कागद जपण्यास का सांगता? प्रश्न रास्त आहे, व त्याचे उत्तर कायद्याच्या भाषेतच देणे बरे. अनुसूचित जातींचा राष्ट्रपतींचा आदेश १० ऑगस्ट १९५० चा आहे. त्या आदेशात प्रथम मुख्यत्वे हिंदूंचाच समावेश होता. १९५६ साली शिखांचा सर्वस्वी समावेश झाला. बौद्धांना मात्र १९९० पर्यंत वाट पाहावी लागली. महाराष्ट्र राज्याने १९६० पासून नवबौद्धांना सवलती दिल्या, परंतु केंद्राचे दार चौतीस वर्षे बंद होते. आज ते उघडे आहे. तथापि बौद्ध हा धर्म आहे, जात नव्हे, म्हणून धर्मांतरापूर्वीची मूळ जात सिद्ध करावी लागते. महाराष्ट्राच्या सन २००० च्या जात प्रमाणपत्र अधिनियमाप्रमाणे ती सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर आहे. अर्जदार म्हणजे बहुधा आपला अठरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी. त्या कागदावरील जात ही आपली ओळख नसून आपल्यावर झालेल्या अन्यायाचा पुरावा आहे. आणि वादीने आपला पुरावा स्वतःच नष्ट करावा, असे जगातील कोणताही वकील सांगणार नाही.

वतनाच्या जमिनींची गोष्ट तशीच आहे. १८७४ च्या कायद्याने महारांना गावकीच्या वेठीला जखडले होते. बाबासाहेबांनी त्याच्या दुरुस्तीसाठी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. अखेर १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली व १ ऑगस्ट १९५९ पासून त्या जमिनी सरकारजमा होऊन, शर्तीवर पूर्वीच्या वतनदारांना परत देण्याची तरतूद झाली. नव्या व अविभाज्य शर्तीची जमीन जिल्हाधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीवाचून विकता येत नाही. असे असता, साध्या स्टँपपेपरवर अंगठे घेऊन अशा जमिनी बळकावल्याची प्रकरणे वकिलांपुढे वारंवार येतात. अशा वेळी जुना फेरफार, पुनर्प्रदानाचा हुकूम, भोगवट्याची रक्कम भरल्याची पावती यांवर सर्व काही अवलंबून असते. ज्या घरात ती पावती आहे, त्या घराला उभे राहण्यास जागा असते.

तेव्हा प्रत्येक नवदीक्षित कुटुंबाला आमचे सांगणे आहे. देव्हारा अवश्य उतरवा, परंतु पेटी उघडून पाहिल्याशिवाय घराबाहेर काढू नका. शाळेचे दाखले, कोतवाल बुकाचे उतारे, सातबारा, फेरफार, वतनाचे हुकूम एकत्र करा. त्यांच्या प्रमाणित नकला काढा, मूळ कागद कोरड्या जागी ठेवा. मोडीतील कागद कळत नाही म्हणून टाकू नका. जाणकाराकडून त्याचे लिप्यंतर करून घ्या. छायाचित्रांच्या मागे पेन्सिलीने नावे, गाव आणि साल लिहा. आणि प्रत्येक बुद्धविहारात एक वही ठेवा. आपल्या वस्तीत कोणी, केव्हा, कोणाच्या हस्ते दीक्षा घेतली. पहिली शाळा शिकलेली मुलगी कोण. पाण्यासाठी, रस्त्यासाठी, स्मशानासाठी कोण झगडले, हे त्या वहीत लिहा. आजीला विचारा. तिला जे ठाऊक आहे ते कोणत्याही कचेरीत सापडणार नाही.

हे काम धम्माच्या बाहेरचे आहे असे कोणी समजू नये. भगवान बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृह येथे भिक्खूंची पहिली संगीती भरली. आनंदाने भगवंतांची प्रवचने सांगितली व उपालीने विनयाचे नियम सांगितले. उपाली हा जन्माने नापित होता. ज्याला ब्राह्मणी समाजाने शास्त्राला स्पर्श करू दिला नसता, त्याच्या स्मरणशक्तीवर संघाचा सारा कायदा तरला. जपून ठेवणे हे आपल्या धम्मात असे पहिल्या दिवसापासूनचे कर्तव्य आहे.

उपालीने ते स्मरणाने केले. वसंत मून यांनी वाळवीच्या तोंडातील पाने एकेक लावून ते केले. मोडनिंबच्या वस्तीतील आपणास फक्त एक पेटी उघडावयाची आहे व एक वही सुरू करावयाची आहे. येत्या पौर्णिमेच्या वंदनेनंतर विहारात घटकाभर बसून ती सुरू करावी, आणि तिच्या पहिल्या पानावर वस्तीतील सर्वांत वृद्ध उपासिकेचे नाव व तिने सांगितलेली पहिली आठवण लिहावी, अशी आमची वाचक बंधुभगिनींना नम्र विनंती आहे.

जय भीम!