डॉक्टरांना काय सांगाल?

मैत्रिणींनो, दवाखान्यात आपला नंबर लागल्यावर आपण काय सांगतो, आठवून पाहा बरं. "डोकं दुखतं, अंग ठणकतं, हातापायांत त्राण नाही." डॉक्टर रक्तदाब बघतात, ताकदीच्या गोळ्या देतात, फारच गळून गेलं असेल तर आपणच विचारतो, "एक सलाईन लावता का?" चार दिवस बरं वाटतं, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. दोन वाक्यं मात्र घशातच राहतात. "मला उगीचच रडू येतं" आणि "कशातच मन लागत नाही."

नवरा कमावता, मुलं शाळेत जाताहेत, घरात फ्रिज-टीव्ही. मग हिला दुःख तरी कसलं, असं लोक म्हणतील. लोकांच्या आधी आपणच स्वतःला म्हणतो!

पण आपल्या ह्या पट्ट्यातला संसार कसा असतो ते बघा ना. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स उभी राहिली, मागोमाग मोटारींचे कारखाने आले, आणि आज चाकण, महाळुंगे, निघोजेपर्यंत कारखानेच कारखाने आहेत. कारखान्याची पाळी बदलली की घराचं घड्याळही बदलतं. ह्यांची पहिली पाळी असली की पहाटे साडेचारला उठून डबा. दुसरी असली की मध्यरात्र उलटेपर्यंत ताट झाकून जागायचं आणि मुलांच्या शाळेसाठी पुन्हा सहाला उठायचं. रात्रपाळी असली तर दिवसभर, "हळू बोला, बाबा झोपलेत!" कुकरची शिट्टीसुद्धा भीत भीत. त्यांची पाळी संपते, आठवड्याची सुट्टी येते. आपली हजेरी तिन्ही पाळ्यांना. सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात असं दिसलं, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८. (हे गणित वर्गात घालावं असं माझ्या मनात होतं, मग म्हटलं नको, घरोघरी भांडणं लागायची.)

चाकणकडे तर मराठवाड्यातून, खानदेशातून आलेल्या कितीतरी नव्या मुली भाड्याच्या एका खोलीत दिवस काढतात. नवरा बारा-बारा तास बाहेर, माहेर लांब, शेजारीण आज आहे तर उद्या खोली सोडून गेलेली. आईचा फोन आला की, "मी मजेत आहे गं."

साधा थकवा दोन दिवस पोटभर झोप मिळाली की उतरतो. पण दोन आठवडे झाले तरी दिवसातला बराचसा वेळ मन उदास, आवडीच्या कामातही गोडी नाही, झोप लागत नाही, भूक मेलेली, मुलांवर हात उगारला जातो नि मग स्वतःचाच राग येतो, असं होत असेल तर तो आळस नव्हे, आणि नखरे तर नव्हेतच. ते नैराश्य असू शकतं. रक्त कमी असलं किंवा थायरॉईड बिघडलं तरी असंच वाटतं, तेव्हा तीही तपासणी होऊ द्या. पण डॉक्टरांना ओळखता यावं म्हणून ती दोन वाक्यं त्यांच्या कानावर पडायलाच हवीत. समोर बसल्यावर जीभ रेटत नसेल तर आदल्या रात्री चिठ्ठीवर लिहून न्या. किती दिवसांपासून, झोप किती, रडू केव्हा येतं, एवढंच.

मानसोपचार म्हटलं की आपल्याकडे लगेच "येरवडा" काढतात. अहो, त्यासाठी येरवड्याला जावं लागत नाही! पिंपरीत महापालिकेच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयात, औंधच्या जिल्हा रुग्णालयात हे डॉक्टर भेटतात. २०२२ पासून सरकारची टेलिमानस ही फोनसेवाही आहे. १४४१६ हा नंबर लावा. पैसे पडत नाहीत, रात्री-बेरात्रीही लागतो आणि मराठीतून बोलता येतं. ह्यांची रात्रपाळी असेल तेव्हा स्वयंपाकघरात बसून बोला.

आणि जिवाचं बरंवाईट करावंसं मनात आलं, एकदा जरी, तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. २०२१ ह्या एका वर्षात देशात २३,१७९ गृहिणींनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. त्यांतल्या किती जणी आदल्या दिवशी "काही नाही, जरा डोकं दुखतंय" म्हणाल्या असतील!

डॉक्टरांनी गोळ्या दिल्याच तर एक लक्षात ठेवा. डोकेदुखीच्या गोळीसारखा तासाभरात उतारा पडत नाही, दोन-चार आठवडे जातात. "गुण नाही" म्हणून, किंवा बरं वाटलं म्हणूनही, आपल्या मनानं त्या बंद करू नका. आणि ह्यांना एकदा सोबत न्या, सुट्टीच्या दिवशी.