ई-एसयूव्ही घेताय? रेंज नंतर विचारा, आधी पार्किंगमधला प्लग बघा

इलेक्ट्रिक गाडीची चौकशी करणाऱ्याचा पहिला प्रश्न हमखास ठरलेला असतो : 'एका चार्जिंगमध्ये किती जाते?' प्रश्न रास्त आहे, पण तो दुसऱ्या क्रमांकाचा. पहिला प्रश्न हवा, रात्री गाडी जिथे उभी राहणार, तिथे प्लग आहे का? गाडी परवडणार की नाही, हे त्याच उत्तरावर ठरते. देशात बऱ्यापैकी दिसणाऱ्या टाटा नेक्सॉन ईव्हीचे उदाहरण घेऊन हे गणित मांडून पाहू.

४८९ किलोमीटर खरेच मिळतात?

जानेवारी २०२० मध्ये आलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ३०.२ किलोवॉट-अवरची होती आणि प्रमाणित रेंज ३१२ किमी. २०२४ मध्ये आलेल्या ४५ किलोवॉट-अवरच्या मॉडेलची प्रमाणित रेंज ४८९ किमी आहे. एक किलोवॉट-अवर म्हणजे आपल्या वीजबिलातले एक युनिट. थोडक्यात, या गाडीची 'टाकी' ४५ युनिटची आहे.

४८९ हा चाचणीतला आकडा आहे. प्रत्यक्ष रस्त्यावर साधारण ३५० ते ३७० किमी मिळतील, असे खुद्द कंपनीच सांगते. व्यवहारात तोच आकडा धरावा आणि हायवेसाठी त्यातूनही थोडे वजा करावे.

हायवेवर रेंज कमी का होते?

पेट्रोल गाडी शहरात जास्त पिते आणि हायवेवर चांगले मायलेज देते. ई-कारचे उलटे असते. शहरात ब्रेक मारताना वाया जाणारी ऊर्जा काही प्रमाणात बॅटरीत परत येते. हायवेवर मात्र हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी ६० किमीच्या तुलनेत १०० ला तो जवळपास पावणेतीन पट होतो. त्यामुळे शंभरच्या वेगाने किलोमीटरला दीडशे-एकशेसाठ वॉट-अवर धरले, तर ४५ युनिटमध्ये साधारण २८० ते ३०० किमी होतात. पुणे-कोल्हापूर एका दमात होते.

घाटाची भीती मात्र अवास्तव आहे. चार माणसांसह १७०० किलोची गाडी खोपोलीहून खंडाळ्याला सुमारे ५५० मीटर वर चढवायला, सपाट रस्त्यापेक्षा जास्तीची अशी जेमतेम ३ युनिट लागतात. म्हणजे बॅटरीचे सहा-सात टक्के. उतरताना त्यातला काही भाग परतही मिळतो.

लांबच्या प्रवासाचे काय?

फास्ट चार्जरवर १० ते ८० टक्के चार्जिंगला चांगल्या परिस्थितीत ४० मिनिटांच्या आसपास लागतात. ८० टक्क्यांनंतर वेग मंदावतो, म्हणून तिथेच निघणे शहाणपणाचे. असा एक थांबा हायवेवरचे सुमारे २०० किमी देतो. ७०१ किमीच्या समृद्धी महामार्गाने मुंबईहून नागपूर गाठायचे, तर निदान तीन थांबे धरा. महामार्गावर मुभा आहे म्हणून १२० ने पळवली, तर थांबे वाढतील. वर्षातून दोन-तीनदा जाणाऱ्याला हे चालून जाईल. दर आठवड्याला जाणाऱ्याने दुसरी गाडी बघावी.

मग खरा अडथळा कुठे आहे?

रोजचे ४० किमी फिरायला ६-७ युनिट लागतात. १५ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर, म्हणजे गीझरच्या प्लगवर, हे दोन-अडीच तासांचे काम आहे. रात्री लावा, सकाळी गाडी तयार. इथे ना फास्ट चार्जर लागतो, ना ४८९ किमीची रेंज.

प्लग नसेल तर काय होते, ते पैशांत पाहा. चार्जिंगमधली गळती धरून १०० किमीला सुमारे १७ युनिट लागतात. घरच्या विजेचा दर युनिटला १० रुपये धरला तर खर्च १७० रुपये. सार्वजनिक फास्ट चार्जरवर २४ रुपये धरला तर सुमारे ४०० रुपये. तेवढ्याच अंतराला पेट्रोल ७०० रुपयांचे लागते. पेट्रोल मॉडेलपेक्षा ई-कारला ३ लाख जादा मोजले असतील, तर घरी चार्ज करणाऱ्याचे ते सुमारे ५७ हजार किमीत वसूल होतात. बाहेर चार्ज करणाऱ्याला १ लाख किमी गाठावे लागतात. महिन्याला हजार किमी चालवणाऱ्यासाठी हा फरक पावणेपाच वर्षे विरुद्ध आठ वर्षांहून अधिक असा आहे. बऱ्याच ई-कारच्या बॅटरीची वॉरंटी आठ वर्षांचीच असते, हेही लक्षात घ्या.

सोसायटी नाही म्हणाली तर?

घरच्या सध्याच्या वीजजोडणीवरून गाडी चार्ज करायला केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचना मुभा देतात. तरीही अनेक सोसायट्यांत विषय सर्वसाधारण सभेत अडकतो. 'कॉमन मीटरचे बिल कोण भरणार?' याला स्वतंत्र मीटर किंवा सब-मीटर हे सरळ उत्तर आहे. 'लोड वाढेल' ही शंका मात्र उडवून लावण्यासारखी नाही. दहा गाड्यांनी रात्री नऊला ७.२ किलोवॉटचे चार्जर एकदम लावले, तर ७२ किलोवॉटचा भार पडतो. पण त्याच दहा गाड्या साध्या सॉकेटवर, मध्यरात्रीनंतर आळीपाळीने लावल्या, तर हा भार बराच खाली येतो. वेगळी केबल, एमसीबी, आरसीसीबी आणि चांगले अर्थिंग मात्र हवेच. खिडकीतून सोडलेली एक्स्टेन्शन वायर नको.

राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धीवर ई-कारना टोलमाफीची तरतूद आहे. चांगली गोष्ट आहे. पण तिचा लाभ ज्यांचा प्लगचा प्रश्न आधीच सुटला आहे, त्यांनाच होतो. भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारा, रस्त्यावर गाडी लावणारा किंवा समितीच्या होकाराची वाट बघणारा नोकरदार या हिशेबात कुठेच नाही. पेट्रोलच्या बिलातली बचत सर्वात जास्त गरजेची असते ती त्यालाच. सोसायटीने अर्जावर ठरावीक मुदतीत निर्णय द्यावा, नाही म्हटले तर तांत्रिक कारण लेखी द्यावे, एवढा नियम काटेकोरपणे लागू झाला, तरी तो टोलमाफीपेक्षा जास्त लोकांना ई-कारपर्यंत नेईल.

तोवर तुमच्यासाठी एक क्रम : आधी सोसायटीची लेखी परवानगी, मग इलेक्ट्रिशियनकडून लोडची तपासणी, आणि त्यानंतरच गाडीचे बुकिंग.