बॅटरीवरची होडी आणि आपली घाई

गेल्या महिन्यातली गोष्ट. ऑफिसातले आम्ही सात-आठ जण, काहींची बायकामुलं, असे पुण्याजवळच्या एका धरणाच्या बॅकवॉटरला गेलो होतो. कार्यक्रम ठरलेला. पिठलं-भाकरी, कांदाभजी, फोटो, आणि मग "चला बोटिंग करू". वीस मिनिटांची एक फेरी. फायबरची जुनी बोट, मागे त्याहून जुनं टू-स्ट्रोक इंजिन. दोरी ओढल्यावर तिसऱ्या हिसक्याला ते जागं झालं आणि निळा धूर थेट आमच्या तोंडावर. पुढची वीस मिनिटं कोणी कोणाशी बोललं नाही. रागावलो होतो म्हणून नाही, काही ऐकूच येत नव्हतं म्हणून.

परत धक्क्याला लागताना माझी सहा वर्षांची मुलगी ओरडली, "बाबा, पाण्यात इंद्रधनुष्य!" बघितलं तर तेलाचा तवंग. तिला काय सांगायचं हे मला सुचलं नाही. पुण्याच्या नळाला येणारं पाणी खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या धरणांच्या साखळीतूनच येतं. म्हणजे शनिवार-रविवार आपण ज्या पाण्यात पेट्रोल सांडतो, तसलंच पाणी सोमवारी फिल्टर लावून पितो आणि वर फिल्टरच्या सर्व्हिसिंगवरून कंपनीशी भांडतो.

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "या बोटी इलेक्ट्रिक का करत नाहीत?" आमचा एक मित्र (गाड्यांमधला आमचा घरचा तज्ज्ञ) ताबडतोब म्हणाला, "अरे, प्रॅक्टिकल नाही ते." बाकीच्यांनी माना डोलावल्या. विषय संपला.

माझा नाही संपला. 'प्रॅक्टिकल नाही' हे आपल्या लोकांचं फार लाडकं वाक्य आहे. ते म्हटलं की आकडेमोड करावी लागत नाही. तर या वीकेंडला मी ती करून बघितली.

आधी मित्राची बाजू मांडतो, कारण ती अगदीच पोकळ नाही. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते. आजची चांगली लिथियम बॅटरी घेतली, तर तेवढी ऊर्जा साठवायला ८०-९० किलोची पेटी लागेल. लिटरभर पेट्रोलचं वजन पाऊण किलो. हे गणित बघून कोणीही म्हणेल, बंद करा चर्चा.

पण थांबा. होडीला मागच्या छोट्या इंजिनाने त्या ९ युनिटांतली किती मिळतात? फार तर दीड. बाकीची उष्णता, धूर आणि आवाज यात जातात. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या टू-स्ट्रोक आऊटबोर्डमध्ये तर पाव ते तीस टक्के इंधन न जळताच बाहेर पडतं, आणि त्याचं धुराडं असतं पाण्याखाली. (अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने आऊटबोर्ड इंजिनांसाठी नियम आणले ते १९९६ साली, ते उगाच नाही.) त्यातलं बरंचसं उडून जातं हे खरं, पण माझ्या मुलीचं इंद्रधनुष्य उरतंच.

आता दुसरी गोष्ट, जी गाड्यांच्या माणसांना पटकन लक्षात येत नाही. पाण्यावर वेगाचा हिशोब रस्त्यासारखा नसतो. साधी होडी पाणी कापत जाते तेव्हा स्वतःचीच लाट स्वतःपुढे उभी करते. पाण्याला टेकणारी लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, त्याला १.३४ ने गुणा. तेवढे नॉट्स ही त्या होडीची नैसर्गिक मर्यादा. १६ फुटांच्या होडीला हे येतं सव्वापाच नॉट्सच्या आसपास, म्हणजे ताशी १० किलोमीटर. त्याच्या पुढे जायचं तर होडीला स्वतःच्या लाटेवर चढावं लागतं, आणि लागणारी ताकद अवाच्या सवा वाढते. त्या मर्यादेच्या आतसुद्धा वेग दुप्पट केला की ताकद साधारण आठपट लागते. उलट बाजूने वाचलंत तर हीच आनंदाची बातमी आहे. थोडं हळू जा, आणि वीज कितीतरी कमी लागते.

आमच्या फेरीचं गणित मांडू. सहा प्रवासी, एक नावाडी, ताशी ७-८ किलोमीटर वेग. अशा होडीला दीड-दोन किलोवॉट पुरतात. दोन धरू. वीस मिनिटांच्या फेरीला पाऊण युनिटही लागत नाही. गर्दीच्या रविवारी बारा फेऱ्या झाल्या तर ८ युनिट. १० युनिटची बॅटरी घेतली तर तिचं वजन भरेल शंभरेक किलो. म्हणजे दीड माणूस. (माझ्यासारखा असेल तर सव्वा.) आणि ४० हॉर्सपॉवरचं सत्तरेक किलोचं धूड मागून उतरलं, ते वेगळंच. चार्जिंगला काय लागतं? घरी गिझरला असतं ते १५ अँपिअरचं सॉकेट. रात्री लावा, चार तासांत काम झालं. दुपारी नावाडी जेवायला बसला तेव्हा तासभर लावलं तर आणखी तीन युनिट शिल्लक.

तर मग यात 'प्रॅक्टिकल नाही' ते नक्की काय?

रेंजचा प्रश्न हा प्रवासाचा प्रश्न आहे. पुण्याहून कोल्हापूरला जायचं असेल तर तो पडतो. आपलं बोटिंग म्हणजे प्रवास आहे का? ज्या धक्क्यावरून निघालो त्याच धक्क्याला परत यायचं. हा जत्रेतला पाळणा आहे हो! पाळण्याला कोणी रेंज विचारतं का?

मित्राचा पुढचा मुद्दा: "पाणी आणि वीज एकत्र? शॉक बसला म्हणजे?" छोट्या इलेक्ट्रिक बोटी ४८ व्होल्टवर आरामात चालतात, घरातल्या २३०वर नाही. आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती होडीच्या तळाशी साठून राहते आणि एका ठिणगीची वाट बघते, हे आपण सोयिस्करपणे विसरतो. २०२२ साली इलेक्ट्रिक स्कूटरना लागलेल्या आगी मलाही आठवतात. म्हणूनच होडीत लिथियम आयर्न फॉस्फेट जातीची बॅटरी हवी. ती थोडी जड असते पण तापल्यावर बरीच शांत राहते, आणि होडीला थोडं वजन चालतं. चांगला पाणबंद डबा आणि धड वायरिंग हवं, हे मान्य. ते पेट्रोलच्या टाकीलाही हवंच होतं, पण आम्ही बसलो होतो तिथे झाकणाऐवजी बोळा कोंबलेला होता.

"नवीन तंत्रज्ञान आहे, जरा स्थिरावू दे." हे तर मला फारच आवडलं. मॉरिट्झ याकोबी नावाच्या संशोधकाने सेंट पीटर्सबर्गमध्ये नेवा नदीवर विजेची होडी चालवली १८३८ साली. तेव्हा पुण्यात पेशवाई जाऊन वीसच वर्षं झाली होती! १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात पाहुण्यांना तळ्यांतून फिरवायला पन्नासावर विजेच्या लाँच होत्या. बव्हेरियातल्या क्योनिग्झे तलावावर १९०९ पासून विजेच्या प्रवासी बोटी चालू आहेत. शंभरावर वर्षं झाली. आणखी किती स्थिरावायचं?

बरं, परदेश सोडा. केरळात वैकम ते तवणक्कडवू या मार्गावर जानेवारी २०१७ पासून 'आदित्य' नावाची सौर फेरी आहे. ७५ प्रवासी, छतावर २० किलोवॉटची पॅनेल, पोटात ५० युनिटची बॅटरी. ती हौसेची बोट नाही, रोज कामाला जाणाऱ्यांची आहे. कोचीची वॉटर मेट्रो एप्रिल २०२३ मध्ये सुरू झाली, तीही बॅटरीवर. ७५ माणसं रोज वेळेवर नेता येतात, आणि आमच्या सात जणांना तळ्यात गोल फिरवून आणणं मात्र 'प्रॅक्टिकल' नाही!

आता जिथे माझा मुद्दा लंगडा आहे तेही सांगतो, नाहीतर मी आणि पेट्रोलवाला मित्र यात फरक काय? स्पीडबोट आणि जेट-स्की हे प्रकरण वेगळं. तिथे होडी पाण्यावर चढून पळते, साठ-सत्तर किलोवॉट सहज लागतात. तासभर पळवायचं तर सहा-सातशे किलोची बॅटरी. ते आज परवडत नाही. मालवणला किंवा गोव्याला खुल्या समुद्रात डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्यालाही मी इलेक्ट्रिक घे म्हणणार नाही. वारा फिरला, ओहोटी लागली तर हाताशी भरपूर शिल्लक हवी. समुद्राशी हिशोबीपणा करू नये. पण तलाव, धरणाचं बॅकवॉटर, शांत खाडी? महाराष्ट्रातलं आपलं बहुतेक हौशी बोटिंग तिथेच तर चालतं.

मग अडतं कुठे? हे मला त्या दिवशी नावाड्यानेच सांगितलं होतं, मला फक्त उशिरा कळलं. उतरताना मी त्यांना विचारलं, "काका, बॅटरीवरची बोट का नाही घेत?" ते हसले. "सायेब, मधीच बंद पडली म्हंजी? आन पैसं कोन देनार?"

पहिला प्रश्न सोपा आहे. बॅटरी किती उरली ते मीटरवर दिसतं, आणि मधेच बंद पडायला पेट्रोलचं इंजिनही काही कमी नाही. वल्हं होडीत असतंच, असायलाच हवं. दुसरा प्रश्न मात्र खरा आहे. बारा फेऱ्यांना बारा लिटर पेट्रोल धरलं तर दिवसाला बाराशेच्या वर जातात. तेवढ्याच फेऱ्यांची वीज, चार्जिंगमधली गळती धरून आणि १५ रुपये युनिट असा चढा दर लावूनही दीडशेच्या आत. दिवसाला हजार रुपये वाचले. वर्षातले गर्दीचे शंभर दिवस धरले तर एक लाख. मोटर, बॅटरी, चार्जर मिळून चार लाख धरले तर चार वर्षांत वसूल. पन्नासच दिवस गर्दी झाली तर आठ वर्षं, म्हणजे जरा ओढाताणच. पण खरी गोम वेगळी आहे. पेट्रोलचे पैसे आजच्या गल्ल्यातून आज सुटतात, बॅटरीचे पैसे आधी एकरकमी मोजावे लागतात. काकांकडे चार लाख नाहीत. आपल्याला कार लोन मंजूर झाल्याचा मेसेज फोनवर येतो, त्यांना बँक दारात उभं करत नाही. अडचण कर्जाची आहे, आणि आपण बिल फाडतोय तंत्रज्ञानाच्या नावावर.

यावर सरकारी पद्धतीचा उपाय म्हणजे एक सोलर बोट आणायची, फीत कापायची, फोटो काढायचे, आणि पहिली वायर गंजली की तिला झाडाखाली उलटी करून ठेवायची. तसलं नको. नावाड्यांना सोप्या हप्त्याचं कर्ज, धक्क्यावर एक धड मीटर आणि सॉकेट, आणि तालुक्याला मोटर दुरुस्त करू शकणारा एक माणूस. बस्स, एवढं पुरे.

हे वेळेत झालं नाही तर काय होतं तेही पाहून ठेवा. सप्टेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने भोपाळच्या भोज वेटलँडमधल्या क्रूझ आणि मोटारबोटी बंद करण्याचा आदेश दिला. मुख्य कारण एकच, लोक ते पाणी पितात. तर्क बिनतोड आहे, आणि तो आपल्या धरणांनाही जसाच्या तसा लागू पडतो. म्हणजे काकांपुढचा पर्याय 'पेट्रोल की बॅटरी' असा फार दिवस राहणार नाही. तो 'बॅटरी की काहीच नाही' असा होईल. तेव्हा 'प्रॅक्टिकल नाही' म्हणणारा माझा मित्र दुसऱ्या रिसॉर्टला जाईल. काका कुठे जातील?

आणि शेवटी आपण. त्या दिवशी काका सुरुवातीला बोट हळूच चालवत होते. मागून आमच्यातलाच कोणीतरी ओरडला, "काका, जरा पळवा की!" तो कोण होता हे मी सांगणार नाही. (मीच.) आठवडाभर डेडलाइनच्या मागे पळायचं, आणि शांतता हवी म्हणून दीड तास गाडी हाकून तळ्यावर गेल्यावर तिथेही नावाड्याला पळवायचं. इलेक्ट्रिक होडीत बसलात तर पाण्याचा आवाज येतो, पलीकडच्या काठावरचा पावशा ऐकू येतो, शेजारच्या माणसाशी बोलता येतं. हे सगळं मिळतं ताशी ७ किलोमीटरला. तो वेग आपल्याला सोसत नाही, एवढीच काय ती अडचण.

पुढच्या वेळी तळ्यावर गेलात तर दोन गोष्टी करा. होडी हळू चालवायला सांगा, आणि बॅटरीची होडी असेल तर पन्नास रुपये जास्त देऊन तिच्यातच बसा. तेवढ्याने काकांचा हप्ता फिटणार नाही, पण गिऱ्हाईक आहे हे तरी त्यांना कळेल.

माझ्या मुलीला मी अजून सांगितलेलं नाही की ते इंद्रधनुष्य कसलं होतं.