संस्कृती कुणाची? म्हातारीची की संस्थेची?

दरवर्षी १ ऑक्टोबरला, ज्येष्ठ नागरिक दिनाच्या कार्यक्रमात, एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘वृद्धाश्रम ही आपली संस्कृती नाही.’ टाळ्या पडतात. शाल-श्रीफळ होतं. बोलणारे गृहस्थ घरी जातात. तिथं त्यांच्या अंथरुणाला खिळलेल्या आईला न्हाऊमाखू घालून, भरवून, कूस बदलून त्यांची बायको दमून बसलेली असते. तिला कुणी शाल देत नाही. ‘आपली संस्कृती’ म्हणून ज्या गोष्टीचा गौरव झाला, तिचं खरं नाव ‘सून’ असं आहे.

आपल्या राज्यातल्या वृद्धांच्या निवृत्तीवेतन योजनेचं नावच बघा. श्रावणबाळ! कथेत कावड मुलाच्या खांद्यावर होती. प्रत्यक्षात ती सुनेच्या, लेकीच्या, नाहीतर महिना ठरवून आणलेल्या मावशीच्या खांद्यावर असते. या योजनेची रक्कम २०१९ साली ६०० रुपयांवरून १००० झाली आणि २०२३ साली १५०० झाली. दिवसाला पन्नास रुपये. यात औषधं आणायची की भाजी, हे म्हातारीनंच ठरवायचं. संस्कृती जपायची ती याच्यानंतर!

हा प्रश्न वृद्धांचा आहे, बायकांचा नाही, असं आपल्या चळवळीतही अजून अनेकींना वाटतं. पण २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढच्या बायका पुरुषांपेक्षा जास्त भरल्या. त्यांच्यात जवळजवळ निम्म्या विधवा होत्या. पुरुषांत विधुरांचं प्रमाण साधारण सातात एक होतं. याचा अर्थ सरळ आहे. नवऱ्याच्या म्हातारपणी बायको असते. बायकोच्या म्हातारपणी कोण असतं?

कायद्याकडे वळू. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा २००७ चा कायदा मुलांना जबाबदार धरतो, ते बरंच झालं. पण जिला मूलबाळ नाही, तिची जबाबदारी तो अशाच नातेवाइकावर टाकतो, ज्याच्या ताब्यात तिची मालमत्ता आहे किंवा जो तिचा वारस होणार आहे. मालमत्ता असलेल्या बायका आपल्याकडे किती? जिच्या नावावर घर नाही, गुंठाभर जमीन नाही, पोटी मूल नाही, तिनं या कायद्याखाली कुणाकडे पोटगी मागायची? याच कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांसाठी एक तरी वृद्धाश्रम, असं कलम आहे. मात्र त्यात सरकार तो ‘स्थापन करील’ असं म्हटलेलं नाही, ‘स्थापन करू शकेल’ असं म्हटलंय. गरिबाच्या कायद्यात ‘शकेल’ हा शब्द नेहमी योग्य जागी बसतो.

आणि हाच कायदा सुनेला घराबाहेर काढायलाही वापरला गेला. शेवटी डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला एका सुनेच्या खटल्यात सांगावं लागलं, की २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्यानं स्त्रीला दिलेला राहत्या घराचा हक्क ज्येष्ठांच्या कायद्याच्या झटपट कारवाईनं हिरावून घेता येणार नाही. मैत्रिणींनो, सासू आणि सून यांना कोर्टात समोरासमोर उभं करून घर मात्र मुलाच्या नावावर ठेवायचं, हा जुनाच डाव आहे. २००५ चा कायदा सुनेइतकाच सासूचाही आहे. मुलगा मारत असेल, घराबाहेर काढत असेल, तर आईलाही त्याचा आधार घेता येतो. हे आपल्या समुपदेशन केंद्रांतल्या किती कार्यकर्त्या म्हाताऱ्यांना सांगतात?

तेव्हा ‘वृद्धाश्रम नकोच’ हे मला मान्य नाही. पण म्हणून आज आहेत तसे वृद्धाश्रम मान्य आहेत, असंही नाही. तिथंही संस्कृती आहेच. ती कुणाची, एवढंच विचारायचंय.

मी पाहिलेल्या संस्थांचे ढोबळमानानं दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात दारातच पाटी असते : ‘घरगुती, सात्त्विक, संस्कारी वातावरण.’ संध्याकाळी भजन, महिन्याला सत्यनारायण, कांदा-लसूण नाही. संक्रांतीला हळदीकुंकू. त्या दिवशी विधवा आज्या आपणहून आपापल्या खोलीत जाऊन बसतात. कुणाला सांगावंही लागत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, सरकारनं लगेच परिपत्रक काढून तो राज्याला आदर्श म्हणून दाखवला. तो ठराव या पाटीच्या आत पोचलेला नाही. अशा ठिकाणी कोळीण आजी आली तर तिला जन्मभर खाल्लेला बांगडा सोडावा लागतो. मुसलमान आजी आली तर ‘आमची काही हरकत नाही हो, पण तुम्हांलाच इथं करमणार नाही’ असं गोड आवाजात सांगतात. दलित आजीला आडनाव विचारून झालं, की अचानक जागा शिल्लक नसते.

दुसऱ्या प्रकारात कुठलाच देव नसतो, जात नसते, आणि माणूसही नसतं. सगळ्या सारख्या. सगळ्यांना एकच मॅक्सी, एकच वेळ, एकच पळी. वारकरी आजीची एकादशी स्वयंपाकघराच्या यादीत नाही. जमिनीवर बसायची सवय असलेलीला ‘खाली बसू नका, पडाल’. मला वाटायचं, हाच खरा धर्मनिरपेक्ष मार्ग. मी समाजकार्यात एम.ए. केलं होतं, पुस्तकात समता शिकले होते. सगळ्यांना सारखं देणं म्हणजे समता, इतकंच मला तेव्हा कळत होतं.

माझी पहिली नोकरी अशाच एका संस्थेत होती. नाव सांगत नाही. सांगून उपयोग नाही, कारण तशा पुष्कळ आहेत. एका पावसाळ्यात उवा झाल्या. न्हाऊ घालायला दोन मावश्या आणि बायका चाळीसच्या वर. सगळ्यांचे केस बारीक करायचं ठरलं. एक आजी होत्या, अठ्ठ्याहत्तरीच्या, माणदेशाकडच्या. लुगडं सुटून मॅक्सी आली तेव्हा त्या काही बोलल्या नव्हत्या. केसांना मात्र नको म्हणाल्या. प्रवेशअर्जावर त्यांच्या ‘पालका’ची सही होती. पालक म्हणजे त्यांचा मुलगा. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, ‘तुम्हांला योग्य वाटेल ते करा, ताई.’ मी वहीत लिहिलं, ‘संमती मिळाली.’ तारीख घातली, सही केली.

दुसऱ्या दिवशी आजी मॅक्सीवर टॉवेल डोक्यावरून घेऊन भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. जेवायला आल्या नाहीत. मी जवळ गेले तर म्हणाल्या, ‘मालक मेलं तवाबी माज्या केसाला कुनी हात लावला न्हवता. तुमी लावला.’

केस पुन्हा वाढले. त्या माझ्याशी पुन्हा बोलल्या नाहीत.

१८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिकांनी एकत्र येऊन विधवांचं केशवपन करायला नकार दिला होता. पोटावर पाय येईल हे ठाऊक असून वस्तरा खाली ठेवला होता. आणि त्यानंतर सव्वाशे वर्षांनी मी, शिकलेली बाई, स्वच्छतेच्या नावाखाली एका बाईचे केस तिच्या मुलाच्या संमतीनं उतरवून घेतले. हेतू वेगळा होता, असं मी स्वतःला खूप दिवस सांगितलं. पण त्या आजींच्या बाजूनं पाहिलं तर काय फरक होता? तिच्या डोक्यावर काय राहावं, हे तिच्याखेरीज सगळ्यांनी ठरवलं होतं.

‘संस्कृतीची बूज राखणारी सेवा’ याचा अर्थ मला तिथं कळला. भिंतीवर तुळशीवृंदावन रंगवणं, दिवाळीला फराळाचं ताट देऊन फोटो काढणं, म्हणजे ती सेवा नव्हे. आपल्या अंगावर काय असावं, ताटात काय यावं, कुठल्या भाषेत हाक यावी, कुणी न्हाऊ घालावं, मेल्यावर पुरावं की जाळावं, हे त्या बाईला विचारणं, आणि ती सांगेल ते वहीत लिहून पाळणं, म्हणजे ती सेवा.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो आपल्यातूनच येईल. ‘म्हणजे उद्या प्रत्येक जातीचा वेगळा वृद्धाश्रम काढायचा का? संस्कृतीच्या नावाखाली सोवळं परत आणायचं का?’ आक्षेप खरा आहे. संस्कृती हा शब्द आपल्याकडे आजवर बहुतेक वेळा बाईविरुद्ध आणि खालच्या म्हटल्या गेलेल्या जातींविरुद्धच वापरला गेलाय. म्हणून फरक नीट करायला हवा. आजीला स्वतःच्या ताटाचा हक्क आहे, शेजारणीच्या ताटाचा नाही. ती एकादशी करील, पण शेजारच्या खाटेवरचा बांगडा बंद करायला सांगू शकणार नाही. ती देवाला हात जोडील, पण ‘त्या बाईच्या हातचं पाणी नको’ म्हणाली तर तिला तेवढंच स्पष्टपणे ‘इथं ते चालणार नाही’ असं सांगावं लागेल. स्वतःपुरती रीत ही निवड आहे, दुसरीवर लादलेली रीत ही सत्ता आहे. एवढं भान ठेवलं तर एका छपराखाली पाच तऱ्हा नांदतात.

हे अशक्य नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदासदन काढलं आणि पुढं पुण्याला नेलं. तिथं विधवांना आपल्या जातीचे आचार पाळायची मोकळीक होती. स्वतः ख्रिस्ती असूनही रमाबाईंनी त्यात हात घातला नाही. त्याचबरोबर आपलं दार, आपली प्रार्थना त्यांनी लपवूनही ठेवली नाही. १८९३ साली मुली त्यांच्या प्रार्थनेला जाऊन बसतात म्हणून गदारोळ झाला, सल्लागार मंडळातल्या मोठ्या सुधारकांनी अंग काढून घेतलं, अनेक पालकांनी मुली परत नेल्या. रमाबाईंचा गुन्हा कोणता? मुलींनी काय करावं हे पालकांनी ठरवायचं की मुलींनी, या प्रश्नावर त्या मुलींच्या बाजूनं उभ्या राहिल्या. सव्वाशेहून अधिक वर्षं झाली. प्रवेशअर्जावरचा ‘पालक’ अजून तिथंच आहे.

आजच्या काळातलंही उदाहरण आहे. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात फांगणे गावी २०१६ च्या महिलादिनी आजीबाईंची शाळा सुरू झाली. नऊवारी नेसून, पाठीला दप्तर लावून साठीपुढच्या बायका अक्षरं गिरवू लागल्या. गणवेश म्हणून गुलाबी लुगडं निवडलं गेलं आणि ते विधवांनीही नेसलं. म्हणजे लुगडं राहिलं, रंगावरची बंदी गेली. रीत तिची राहते आणि जाच जातो, तो असा.

आता सेवा करणारीबद्दल. आजीला तिच्या भाषेत कोण बोलणार? स्मृतिभ्रंश झालेल्या बाईची नंतर शिकलेली भाषा पुष्कळदा आधी निसटते आणि लहानपणची तेवढी उरते. सोलापूरकडची आजी कानडीत पाणी मागते आणि मावशीला वाटतं ती बरळतेय. यात मावशीचा दोष नाही. बारा-बारा तास तिला उचलायला लावायचं, तिला प्रशिक्षण द्यायचं नाही, रजा द्यायची नाही, वरून ‘आपुलकीनं करा’ म्हणायचं! तिची आपुलकी फुकट का? घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा महाराष्ट्रात २००८ साली झाला. त्यात नोंदणी साठ वर्षांपर्यंतच. जी जन्मभर दुसऱ्यांच्या म्हाताऱ्या सांभाळते, ती स्वतः म्हातारी झाली की मंडळाच्या यादीतून बाहेर. तिचा वृद्धाश्रम कुठला?

आणि आपण? अत्याचारग्रस्त बाईसाठी निवारा हवा म्हणून आपण लढलो. पण सत्तर वर्षांची बाई मुलाचा मार खाऊन आली, की तिला ठेवायचं कुठं, हे आपल्यालाही सुचत नाही. ‘मुलाशी बोलून बघतो’ म्हणून तिला त्याच घरी परत पाठवतो. तरण्या बाईला असं परत पाठवलं तर आपण मोर्चा काढला असता. १९७५ साली ज्या तिशीत होत्या, त्या आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांत एकट्या राहिलेल्या आहेत, नवरा सोडलेल्या आहेत, मैत्रिणीबरोबर संसार केलेल्या आहेत. त्यांनी म्हातारपणी ‘संस्कारी वातावरणा’त जाऊन आपलं सगळं आयुष्य लपवायचं का?

म्हणून काही मागण्या मांडते. प्रवेशअर्जावरून ‘पालक’ हा शब्द काढा. सही बाईची घ्या, आणि तिचं भान हरपलं असेल तर तिनं आधी निवडलेल्या माणसाची. प्रवेशाच्या वेळीच तिचं खाणं, नेसणं, भाषा, प्रार्थना आणि अंत्यविधी यांबद्दल तिच्या शब्दांत लिहून घ्या. न्हाऊ घालायला बाईच द्या. जात, धर्म, वैधव्य यांवरून जागा नाकारणाऱ्या संस्थेचं सरकारी अनुदान बंद करा. दीडशेच्या एका बराकीऐवजी वस्तीतच दहा-पंधरा जणींची घरं काढा, म्हणजे म्हातारीला आपली गल्ली, आपली मशीद, आपलं विहार, आपली भाजीवाली सुटणार नाही. आणि सांभाळणाऱ्या बाईला किमान वेतन, सुट्टी आणि म्हातारपणीचं निवृत्तीवेतन द्या.

सरकार हे आपणहून करणार नाही. सुरुवात आपण करू. पुढच्या तीन महिन्यांत प्रत्येक गटानं आपल्या तालुक्यातल्या एका तरी वृद्धाश्रमात जावं. संस्थाचालकांशी नंतर बोला. आधी खाटेशेजारी बसा आणि विचारा, ‘आजी, हे सगळं तुम्हांला विचारून केलंय का?’

मी त्या दिवशी विचारलं नव्हतं.