फावल्या वेळीं : नवरात्राचे रंग आणि आगगाडी

गेल्या वर्षीं आश्विनाच्या अंकांत याच सदरांतून आम्हीं नवरात्रांतील नऊ रंगांच्या साड्यांवर थोडी कठोर टीका केली होती. देवीला हे रंग कोणीं नेमून दिले, असा प्रश्न आम्हीं विचारला होता, आणि ‘वर्तमानपत्रांनीं’ असें त्याचें उत्तरही आम्हींच देऊन टाकलें होतें. तें उत्तर चुकीचें नव्हतें. परंतु प्रश्नच अपुरा होता, असें आतां आम्हांस वाटतें. शिक्षकानें फळ्यावर चूक लिहिली तर ती त्यानें स्वतःच्याच हातानें पुसावी, हा आमचा जुना नियम. म्हणून आजचा हा लेखनप्रपंच.

ज्या बाहेरगांवच्या वाचकांनीं मुंबईची उपनगरी गाडी नवरात्रांत पाहिली नसेल, त्यांच्यासाठीं प्रथम थोडें वर्णन करतों. सोमवारीं पांढरा, मंगळवारीं तांबडा, बुधवारीं गडद निळा, गुरुवारीं पिवळा, शुक्रवारीं हिरवा, शनिवारीं करडा आणि रविवारीं नारिंगी, असा बहुधा वारांवरून रंगांचा क्रम लागतो. उरलेल्या दिवसांस मोरपिशी, गुलाबी यांसारखे रंग येतात. ही चाल एका मराठी दैनिकानें या शतकाच्या आरंभीं रूढ केली. त्या दिवसांत सकाळीं डोंबिवलीच्या फलाटावर उभें राहिलें, तर स्त्रियांच्या डब्यासमोर एकाच रंगाची रांग दिसते. बँकेंतील अधिकारी, इस्पितळांतील परिचारिका, कचेरींतील कारकून, महाविद्यालयांतील विद्यार्थिनी आणि डब्यांत टिकल्या व पिना विकणारी बाई, सर्वांचा रंग एक. एरवीं सलवार-कमीज घालणाऱ्या या दिवसांत आवर्जून साडी नेसतात; कोणी हौसेनें नऊवारीही नेसतात. दसऱ्याच्या सुमारास डब्यांत झेंडूचीं व आंब्याच्या पानांचीं तोरणें लागतात, देवीची तसबीर मांडली जाते, आरती होते, पेढे वाटले जातात.

या सर्वांस आधार शोधावा म्हणून आम्हीं १६१२ सालचा निर्णयसिंधु चाळला, धर्मसिंधूंतील नवरात्राचें प्रकरणही पुन्हां वाचलें. घटस्थापना, अखंड दीप, उपोषण, कुमारीपूजन, सर्व कांहीं तेथें आहे. नऊ दिवसांच्या नऊ रंगांचा मात्र कोठें पत्ता नाहीं. एवढें हातीं लागल्यावर आम्हीं लेखणी उचलली आणि तो लेख लिहिला.

आतां घरची गोष्ट सांगतों. आमच्या थोरल्या कन्येस वैधव्य येऊन त्या वेळीं तीन वर्षें झालीं होतीं. ती आमच्याकडेच राहते आणि फोर्टांतील एका कचेरींत नोकरी करते. आमच्या घरांत तिला कोणीं कांहीं वर्ज्य सांगितलें नाहीं, असें आम्ही चारचौघांत अभिमानानें सांगत असूं. परंतु ‘नेस’ असेंही कोणीं सांगितलें नव्हतें. बदामी, राखी, फिकट निळा, एवढ्याच रंगांत ती वावरे. गडद साड्या कपाटांत घडीस घडी तशाच होत्या. आम्हांस ती तिची साधी राहणी वाटे.

लेख छापून आला त्याच नवरात्रांतील सोमवारची सायंकाळ. मुलगी घरीं आली तीच हातांत एक पिशवी घेऊन. रोजच्या गाडींतील मैत्रिणींनीं तिला तांबडी साडी दिली होती. नवी नव्हे, त्यांच्यापैकींच एकीची नेसलेली. दरवर्षीं सर्वजणींचें छायाचित्र काढण्याचें काम हिच्याकडे असे. ‘उद्यां ही नेसून ये, आणि उद्यां तूं फोटोंत उभी राहा,’ असें त्यांनीं तिला बजावलें होतें. आम्ही वर्तमानपत्र वाचीत बसलों होतों. मान वर न करतांच आम्ही बोलून गेलों, ‘याला शास्त्रांत आधार नाहीं.’ आमचें बोलणें रंगांच्या यादीविषयीं होतें. तें लागलें भलतीकडेच. मुलगी कांहीं न बोलतां आंत गेली. आमचें कुटुंब स्वयंपाकघराच्या दाराशीं उभें होतें. तें एवढेंच म्हणालें, ‘अहो, साऱ्या पोथ्यांना विचारलंत, एकदां पोरीला विचारायचं होतं.’

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. श्रुति, स्मृति, सदाचार आणि आत्मतुष्टि अशीं धर्माचीं चार लक्षणें मनुस्मृतींत दिलीं आहेत. शाळेंत तीं आम्हीं कित्येकदां मुलांकडून पाठ करून घेतलीं. पहिल्या तिहींचा शोध पोथ्यांत व चालीरीतींत घेतां येतो. चौथें ज्याचें त्यालाच विचारावें लागतें, आणि तें विचारण्याचें आम्ही तीन वर्षें टाळलें होतें. विधवेवर स्मृतींनीं कोणते निर्बंध घातले, हें आम्हांस ठाऊक आहे. पण ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील अठराव्या सूक्तांत, पतीच्या शवाशेजारीं पडलेल्या स्त्रीला तेथून उठून जिवंतांच्या जगांत परत येण्याविषयीं हांक मारली आहे, हेंही आम्हांस ठाऊक होतें. आमच्या मुलीला ती हांक आम्हीं मारावयास हवी होती. ती मारली गाडींतल्या बायकांनीं.

दुसऱ्या दिवशीं ती तांबडी साडी नेसून बाहेर आली. आम्हीं तिचा डबा व छत्री उचलली आणि तिच्याबरोबर स्थानकापर्यंत गेलों. गाडी फलाटाला लागली, दारांतल्या दोघींनीं हात देऊन तिला आंत घेतलें, आणि त्या तांबड्या घोळक्यांत ती आम्हांस पुन्हां निराळी ओळखूं आली नाहीं. तीन वर्षांत हें प्रथमच घडत होतें.

पोशाखाच्या परंपरेविषयीं आपण फार छातीठोकपणें बोलतों. ‘साडी’ हा शब्द संस्कृत ‘शाटी’वरून आला, तो जुना खरा, परंतु नेसण्याची तऱ्हा पिढीगणिक बदलत आली आहे. आमच्या आजीनें नऊवारी अखेरपर्यंत सोडली नाहीं. आमच्या आईनें पांचवारी नेसण्यास आरंभ केला, तेव्हां सासू-सुनांत महिनाभर अबोला होता. आज तीच पांचवारी परंपरा म्हणून मिरवते. गाडीचेंही तसेंच. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली उतारूंची गाडी सुटली, त्या काळीं शेजारीं कोण बसेल या विचारानें सोंवळ्यांतलीं माणसें बिचकत. आज डोंबिवली ते मुंबई या सुमारें ४८ किलोमीटरांच्या प्रवासांत स्त्रियांच्या डब्यांत भाजी निवडली जाते, हळदीकुंकू होतें, डोहाळजेवणही होतें, आणि कोणी कोणाचें गोत्र विचारीत नाहीं. तेथें वर्षभर जुळलेला लोभ नवरात्रांत रंगानें दिसूं लागतो, एवढेंच.

तथापि आमचे कांहीं आक्षेप कायम आहेत. नऊ रंगांसाठीं नऊ नव्या साड्या घेणें ही दुकानदारांची हौस आहे, देवीची नव्हे. जुनी नेसावी, उसनी घ्यावी. तेंही न जमलें तर त्या रंगाच्या बांगड्याही पुरेत. जिची इच्छा नसेल किंवा जिचा धर्म निराळा असेल, तिला ‘आज कां नाहीं?’ असें कोणीं विचारूं नये. रंग आपलेपणासाठीं आहे. त्यानेंच एखादी एकटी पडली तर सगळेंच व्यर्थ. गाडींत उदबत्ती वा निरांजन मुळींच पेटवूं नये, आणि तोरणांनीं दार अडवूं नये; ज्या बाईला पुढच्या स्थानकावर उतरावयाचें आहे, तिचीही देवीला काळजी असेलच.

आमच्या घरीं यंदांची तयारी सुरू झाली आहे. काल मुलीनें कपाटांतली आपली हिरवी साडी काढून इस्त्रीला दिली. ‘शुक्रवारीं नेसणार वाटतें?’ आम्हीं विचारलें. ती म्हणाली, ‘मी नाही हो बाबा. गाडीत एक नवी मुलगी येऊ लागली आहे, तिच्याकडे हिरवी नाही.’