शर्यतीनं बैल सुधारतो?

आमच्याकडे, म्हणजे जुन्नर-आंबेगावात, बैलगाड्याविरुद्ध बोलणं आणि खंडोबाविरुद्ध बोलणं यात फारसा फरक नाही. त्यामुळे आधीच सांगून टाकतो, नाहीतर मामा दोन महिने फोन उचलायचे नाहीत. मी शर्यतीविरुद्ध लिहीत नाहीये. यात्रेला घाटात उभा राहून मीही घसा बसेपर्यंत ओरडलोय. माझं भांडण एका वाक्याशी आहे. ते वाक्य गेल्या दहा-पंधरा वर्षांत इतक्यांदा ऐकलं की आता ते खरंच आहे असं सगळे धरून चालतात. वाक्य असं : "शर्यत आहे म्हणून खिलार टिकला, आणि शर्यतीमुळेच बैलाची जात सुधारते."

ज्यांनी आमचा घाट पाहिलेला नाही (पुण्या-मुंबईची आणि परदेशातली मंडळी) त्यांच्यासाठी थोडक्यात. सांगली-साताऱ्याकडची दोन बैलांची, वर माणूस बसलेली शर्यत वेगळी. विदर्भातला शंकरपट वेगळा. आमच्याकडे गाड्याला चार बैल आणि पुढं घोडी. चढाचा, दोन्ही बाजूंनी माणसांनी भरलेला घाट. निशाण पडलं की "भिर्रर्र" आणि बारा-चौदा सेकंदांत सगळा खेळ आटोपतो. माईकवरून "झाली झाली झाली" होतं, भंडारा उधळला जातो, घड्याळात सेकंद बघितले जातात आणि दिवसभरातल्या सगळ्यात कमी वेळाला 'घाटाचा राजा' म्हणतात. नागापूरच्या थापलिंगाला पौष पौर्णिमेला नवसाचे गाडे पळतात. तिथे आलेल्या प्रत्येकाला बक्षीस हवं असतं असं नाही. कोणी मुलासाठी बोललेला असतो, कोणी विहिरीच्या पाण्यासाठी.

माझ्या लहानपणी शर्यतीचं कारण एवढंच होतं, देव आणि शौक. 'गोवंश संवर्धन' हा शब्द घाटात मी तेव्हा कधी ऐकला नाही. तो आला कोर्टाच्या निमित्तानं. ११ जुलै २०११ ला केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं खेळ करायला मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं जल्लिकट्टूबरोबर आपल्या शर्यतीही बंद केल्या. २०१७ साली महाराष्ट्रानं कायद्यात दुरुस्ती केली, पण मुंबई उच्च न्यायालयानं परवानग्या द्यायला स्थगिती दिली. मग बैल मुळात पळू शकतो का, हे ठरवायला सरकारनं समिती नेमली! (ज्याचा बैल कधी दावं तोडून उसात पळालाय त्याला विचारलं असतं तरी चाललं असतं.) १६ डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं तिन्ही राज्यांचे कायदे कायम केले.

या सगळ्या भांडणात नुसतं "आम्हाला आवडतं" म्हणून भागण्यासारखं नव्हतं. काहीतरी भारदस्त हवं होतं. तामिळनाडूच्या कायद्याच्या उद्देशातही देशी वाण टिकण्याची भाषा आहे. आपणही तीच उचलली. कोर्टात वकिलानं काय बोलायचं ते बोलावं. पण खटला जिंकल्यावर आपण स्वतःच ते खरं मानायला लागलो, आणि माझी तक्रार इथून सुरू होते.

पहिला प्रश्न. शर्यत नेमकं मोजते काय? बारा सेकंदांचा वेग. खिलार कशासाठी नावाजला होता? उन्हातान्हात, कमी चाऱ्यावर, माणदेशासारख्या दुष्काळी मुलखात दिवसभर न थकता चालण्यासाठी. झपझप चाल, कणखर खूर आणि दम. यातला दम बारा सेकंदांत कळत नाही. कमी चारा तर नाहीच नाही, कारण शर्यतीच्या बैलाला दूध, अंडी, उडदाची डाळ असा खुराक असतो. माणदेशातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या पोरालाही एवढं मिळत नसेल. मग पहिला आला तो बैल की खुराक?

दुसरं, गाड्याला बैल चार. शिवाय घोडी. सेकंद येतात ते पाच जनावरांचे मिळून. चारातला एक इकडचा, दोन तिकडचे, पैरा करून जमवलेले. जाणता गाडामालक बरोबर ओळखतो कोण ओढतंय आणि कोण नुसतं लोंबकळतंय, हे मी मान्य करतो. त्याची नजर पक्की असते. पण ती त्याच्या डोक्यात राहते, कागदावर येत नाही आणि त्याच्याबरोबर जाते. त्यातून जात कशी सुधारायची?

तिसरा प्रश्न मी आमच्या मामांना विचारला होता आणि ते चिडले होते. "या बैलाची आई कुठे आहे?"

जरा विचार करा. बैल जिंकला. तो खच्ची केलेला असेल तर त्याचं रक्त तिथेच थांबलं. कितीही हार घाला, फोटोचे फ्लेक्स लावा, त्याला वासरू होणार नाही. अंडील असला तरी जात पुढे न्यायला गाय लागते. आमच्या दोन तालुक्यांत खिलार गाई किती? घोड आणि कुकडीच्या पाण्यानं, डिंभे-येडगाव-माणिकडोहच्या कालव्यांनी ऊस आला, टोमॅटो आला, आणि गोठ्यात काळ्या-पांढऱ्या होल्स्टीन गाई आल्या. खिलार गाय दिवसाला दोन-तीन लिटर देणार, ती डेअरीच्या हिशेबात कुठे बसणार? मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरळीकांचनला बाएफ सुरू केली. त्यांच्या आणि सरकारच्या संकरित रेतनानं घराघरात दूध आलं, पोरं शिकली, मीही त्याच दुधावर शिकलो. ते वाईट झालं असं म्हणायची माझी हिंमत नाही. पण त्या गोठ्यात खिलार गाईला जागा उरली नाही, हेही तितकंच खरं.

तेव्हा घाटात पळतात ते बैल येतात बाहेरून. आटपाडी, म्हसवड, सांगोला या भागातून, व्यापाऱ्याच्या दोन-तीन हातांमधून. तिकडच्या कोणा शेतकऱ्यानं न परवडणारी गाय सांभाळली, तिचं वासरू मोठं केलं आणि पैशाच्या नडीनं खोंड असतानाच विकलं. तोच खोंड आमच्या घाटात राजा झाला की त्याची किंमत लाखांत जाते. त्यातला रुपया तरी त्या गाईपर्यंत पोचतो का? खाण तशी माती म्हणतो आपण, आणि बक्षीस मात्र सगळं मातीला देतो. खाणीचा पत्ताही कोणाला ठाऊक नसतो.

आता जरा बाहेर बघू. शिकारी कुत्र्यांच्या बाबतीत हाच वाद फार जुना आहे. इंग्लंडात १८६५ साली साउथहिल इथे पॉइंटर आणि सेटर कुत्र्यांची पहिली नोंदलेली मैदानी चाचणी झाली. तिथे निदान कुत्र्यानं प्रत्यक्ष पक्षी हुडकायचा असतो, जागच्या जागी थांबून दाखवायचा असतो, मालकाचं ऐकायचं असतो. म्हणजे परीक्षा कामाचीच. तरीही पायी हिंडणारे शिकारी तक्रार करतात की चाचण्या जिंकणारी कुत्री फार लांब आणि फार जोरात पळतात, आमच्या उपयोगाची राहत नाहीत. अमेरिकेतल्या मोठ्या चाचण्यांत तर कुत्र्यांमागे माणसं घोड्यावरून जातात! थोडक्यात, जे मोजाल ते वाढतं, आणि जे मोजत नाही ते हळूहळू झिजतं. पण त्यांनी एक गोष्ट केली. जिंकणाऱ्या कुत्र्याचे आई-बाप वहीत लिहून ठेवले आणि त्याची पिल्लं पुढे वाढवली.

एवढं लांब तरी कशाला जायचं? पुण्याच्या रेसकोर्सवर पळणाऱ्या घोड्याचा बाप कोण, आई कोण, आजी कोण, सगळं स्टड बुकात असतं. त्या घोड्यांची जातच पळण्यासाठी केलेली आहे आणि ते तसं उघड सांगतात. कोणी म्हणत नाही की रेसमुळे टांग्याचे घोडे सुधारले.

चौथा मुद्दा आकड्यांचा. बंदीमुळे बैल संपले असं सांगितलं जातं. २०१२ च्या पशुगणनेत देशातला नर गोवंश होता साधारण ६ कोटी ७९ लाख. २०१९ च्या गणनेत तो ४ कोटी ७४ लाखांवर आला. सात वर्षांत तीस टक्के गेले. पण ही घट अख्ख्या देशातली आहे. जिथे घाट नाही, शंकरपट नाही, जल्लिकट्टू नाही तिथलीही. बैल गेला तो ट्रॅक्टरनं, मजुरीनं, तुकड्या तुकड्यांच्या जमिनीनं. भादवी पोळ्याला गावात मिरवायला बैलजोडी शोधावी लागते, ती कोर्टामुळे नाही. आणि २०२२ च्या मे महिन्यात चिखलीला झालेल्या शर्यतीचं मोठं बक्षीस काय होतं? जेसीबी. ट्रॅक्टरसुद्धा होते. म्हणजे बैलानं जीव तोडून पळायचं आणि स्वतःला बेकार करणारं यंत्र जिंकून आणायचं. यावर आणखी काय बोलणार!

आता समोरच्याचा सगळ्यात दमदार मुद्दा. तो टाळला तर हा लेख लबाडीचा होईल. मामा म्हणाले, "अरे, नांगराला बैल नको, गाडीला नको, मोट तर कधीच गेली. २०१५ पासून राज्यात बैल कापायलाही बंदी. मग शेतकऱ्यानं खोंड सांभाळायचा कशासाठी? शर्यतीमुळे त्याला किंमत आहे म्हणून तो दावणीला आहे. तू म्हणतोस ती गायसुद्धा त्या आशेवरच टिकलीय."

यात तथ्य आहे. बंद घाट म्हणजे पडलेला बाजार, हे बेल्ह्याच्या बैलबाजारात कोणीही सांगेल. पण ही किंमत मिळते किती जणांना? पळणारा खोंड लाखात जातो आणि न पळणारा त्याचा सख्खा भाऊ कवडीमोल होतो. त्याला काम नाही, गिऱ्हाईक नाही. ही लॉटरी आहे. लॉटरीचं तिकीट खपतं म्हणून गाव श्रीमंत होत नाही. आणि पळून पळून पाय गेलेल्या बैलाचं काय? जो मालक त्याला मरेपर्यंत दावणीला ठेवतो, मेल्यावर दहावा घालतो, त्याच्या पाया पडावं. पण सगळेच तसे नसतात, आणि हे गाडामालकच खासगीत सांगतात.

"आता पळणं हेच त्याचं काम" असं कोणी सरळ म्हणालं तर माझी हरकत नाही. ते प्रामाणिक आहे. मग आपण शर्यतीचा बैल तयार करतोय असं म्हणू या, शेतीचा खिलार वाचवतोय असं नको. आणि मग त्या बैलाचा चाबूक, टोचणी, विजेचा झटका हे नियमाप्रमाणे खरोखर बंद झालंय का, याचीही जबाबदारी घेऊ या. पळणं हे त्याचं काम असेल तर मारून पळणारा बैल परीक्षेत नापासच धरला पाहिजे, नाही का?

आणि जात खरंच सुधारायची असेल तर ते अवघड नाही. लाखांची बक्षिसं जमवणाऱ्या गावांना तर मुळीच नाही. कानात बारा अंकी बिल्ला आता आहेच. टोकन घेताना त्याच्यासोबत बैल कुठे जन्मला, आई कोणाची, बाप कोण, हे लिहून घ्या. दहा वर्षांत खिलारची अशी वही होईल की तिच्यासाठी विद्यापीठं रांग लावतील. घाटाच्या राजाच्या बक्षिसातला ठरावीक हिस्सा त्याला जन्म देणाऱ्या गाईच्या मालकाला पाठवा, मग तो आटपाडीत असो नाहीतर म्हसवडला. यात्रेत एक दिवस गाईंचा ठेवा. एक परीक्षा ओझ्याची आणि लांब पल्ल्याची ठेवा, खुराकाशिवाय. आणि चांगला खोंड खच्ची करण्याआधी त्याचं रेतन साठवून ठेवा.

हे सगळं मी मामांना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "गाईला बघायला कोण येणार घाटात?"

खरंय. गाईला बघायला कोणी येणार नाही. तिच्यासाठी भिर्रर्र नाही, भंडारा नाही, फ्लेक्स नाही. म्हणूनच तर शर्यतीच्या भरवशावर तिला सोडता येत नाही. गर्दी बैलाला टाळ्या देईल, त्या त्याला देऊ द्या. पण टाळ्यांनी वंश चालत नाही, आणि हे आपल्याला शेवटची खिलार गाय विकली गेल्यावर कळून उपयोग नाही. बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण आपल्याच पूर्वजांनी करून ठेवलीय. त्यांच्याकडे तेव्हा बैल भरपूर होते.